करंगळीएवढी फट

गालिचा बापूंनी टॉकीजच्या लिलावातून आणलेला.
बाल्कनीच्या पायऱ्यांवरचा, मरून, कडेनं विड्यांनी भोकं पाडलेला.
वखारभागातल्या आमच्या जिन्याला पुरून हातभर उरला,
तो मांजरानं घेतला.

आईला अर्धशिशी होती.
हळदीचे सौदे सुरू झाले की बापू रात्री उशिरा यायचे
अडतीचा हिशेब मिटवून,
आणि सोळा पायऱ्या तिच्या कपाळावरून चढायचे.
गालिच्यानं ते थांबवलं.
पुढे मीही त्याचा फायदा घेतला, पण तो विषय वेगळा.

आता बापू नाहीत. अर्धशिशीही कधीतरी न सांगता गेली.
काचबिंदूनं आईच्या नजरेचं कडेकडेचं सगळं खाल्लंय.
यंदा म्हणाली, ते सोलून काढ.
कोण चढतंय, कोण उतरतंय, मला ऐकू येऊ दे.

मिरजेहून इलाही मुजावर आला.
गालिचा निघाला, चुका निघाल्या डबाभर,
झिजल्या पायऱ्यांवर सागाच्या पातळ फळ्या बसल्या,
आणि भिंतीकडेची पट्टी राहिली वरच, अधांतरी.
करंगळी जाईल एवढी फट
खालपासून माळ्यापर्यंत, पायरी-पायरीनं मोडत गेलेली.
"पट्टी गालिच्यावर टेकवून ठोकलीया, ताई.
गालिचा गेला. तिची सवय ऱ्हायली."

मी म्हटलं, सिलिकॉन भरा आणि मोकळे व्हा.
"सिलिकॉन बेसिनला," तो म्हणाला
आणि बोटाच्या पेरानं एकेक पायरी ठोकत वर गेला, कान वाकडा करून.
त्याचे चुलते तंबोऱ्याचे भोपळे असे वाजवून घ्यायचे.
नववीपाशी थांबला. "हितं पोकळ हाय."
कुणाला आधी माहीत होतं? कुणालाच नाही.

मग ब्रश घालून फट झाडली,
तर पिवळं पडलं.
बापूंच्या विजारीच्या दुमडीतून, चपलांच्या टाचांतून
तीस हंगाम गळलेली हळद,
चुन्याच्या भिंतीला लागली तिथे लाल झालेली.
इलाहीनं पत्र्यावर भुसा आणि सरस कालवला,
फळीशेजारी धरून पाहिला. फिका.
चिमूटभर खालून उचललं, विचारलं नाही, मिसळलं.
जुळला रंग.
"बाकीचं कागदात बांधू का?"
आई खालून म्हणाली, "फोडणीला नको हं."

नववीखाली पाचर गेली. फट भरली, पण गच्च नाही.
"पोस्टकार्ड सरकंल एवढी सोडतो.
जुलैत लाकूड अंग धरतं.
जागा दिली न्हाई तर पट्टीच उचकटून टाकंल."
वरून गोलपट्टी, कोपऱ्याला कोपरा तासून.
एकही कोपरा काटकोनात नव्हता,
सोळांपैकी एकही नाही,
आणि दोन दिवस तो कुणाला तरी हळू आवाजात शिव्या देत होता,
बहुतेक जिना बांधणाऱ्याला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हत्यारं पिशवीत घालून तो उतरला.
आई खालच्या खुर्चीत, मान किंचित वर.
"उजव्या पायाला काय झालं रे तुझ्या?"
इलाही शेवटच्या पायरीवर उभाच राहिला.
"टेंपो घसरला हुता, आजी. तासगाव रस्त्याला. लई वर्सं झाली.
कुणाच्या ध्यानात येत न्हाई आता."
"येतं," आई म्हणाली. "चहा घेऊन जा."

मी वर होते, दिव्याच्या बटनापाशी.
या घरात मी वाढले, परीक्षेला उठले,
चपला हातात घेऊन कितीदा आले, गेले,
आणि माझं पाऊल इथे कधी वाजलंच नव्हतं.
कसं वाजतं, मलाही माहीत नाही.
खाली कपबशा लागल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.
ती वाट बघत होती.

मी सोळावीवर पाय ठेवला.